कान तुटलेला कप

ज्या कपातून कधी कोणी चहा प्यायलेला नाही, त्याला कप म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत मी आमच्या बाळकुमच्या इमारतीत एकदा बोलून दाखवले. तेव्हापासून चौदाव्या मजल्यावरचे संग्राहक लिफ्टमध्ये माझ्याशी पावसाविषयीसुद्धा बोलत नाहीत.

हे गृहस्थ निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यांचे भक्त. रविवारी सकाळी चारचौघे मासळीबाजार गाठतात, हे चोरबाजार गाठतात. हॉलची एक अख्खी भिंत त्यांनी काचेच्या शोकेसला दिली आहे. आत बशा, कप, किटल्या, आणि त्यांच्यावर सोडलेला असा प्रकाश, की हात आपोआप जोडले जावेत. आम्हाला चहा मात्र कागदी कपात मिळाला. समोर तीस-चाळीस कप मांडलेले आणि मी बोटे पोळवत बसलेलो. माझे डोके फिरले ते तिथे.

"ही नक्षी पाहा," ते म्हणाले. "विलो पॅटर्न. चिनी अधिकाऱ्याची मुलगी आणि बापाचा कारकून. दोघे या पुलावरून पळाले, आणि शेवटी त्यांची ही दोन पाखरे झाली. हजारो वर्षांची दंतकथा आहे, साहेब!" त्यांचे डोळे पाणावले होते.

सांगायला जिवावर आले, पण सांगितले. ही नक्षी चिनी बशांवरून उचलून इंग्रजांनी १७९०च्या सुमारास आपल्या देशात जुळवली. तांब्याच्या पत्र्यावर कोरायची, पातळ कागदावर ठसा घ्यायचा, तो बशीला चिकटवायचा, रंग उतरला की कागद धुऊन टाकायचा. एका पत्र्यावर हव्या तेवढ्या बशा! कथा तर त्याहून नंतरची. ती तिकडच्या एका मासिकात छापून आली १८४९ साली. म्हणजे पोस्टर आधी लागले आणि सिनेमा मागाहून निघाला. चीनमधल्या कारकुनाला याचा पत्ताही नसावा.

"तुम्हाला कशातच सौंदर्य दिसत नाही," ते म्हणाले.

दिसते हो! उलट या भांड्यांची खरी गोष्ट त्या पाखरांपेक्षा मला जास्त आवडते. चौदाव्या शतकात चीनच्या चिंगदचनमध्ये या भांड्यांना बहर आला, तेव्हा माती चीनची होती, पण निळ्या रंगाचा कोबाल्ट इराणकडून येत होता. भांडी अरबी समुद्रातून सगळीकडे गेली. आपल्या चौलच्या परिसरातसुद्धा चिनी भांड्यांचे तुकडे सापडले आहेत. डच लोकांना ती माती जमेना, म्हणून डेल्फ्टला त्यांनी साध्याच मातीवर पांढरा लेप देऊन निळी नक्षी काढली आणि वेळ मारून नेली. मग इंग्रजांनी गुरांच्या हाडांची राख मातीत जवळजवळ निम्मी मिसळून बोन चायना केले. इतक्या जणांचे हात लागलेली वस्तू जगात दुसरी दाखवा!

आणि असली ही सर्वांना शिवलेली वस्तू आमच्या घरात आली, ती सोवळेओवळे घेऊन बसली. आमच्या आजीला चिनी मातीची बशी स्वयंपाकघरात चालत नसे, त्याच मातीची लोणच्याची बरणी मात्र थेट फडताळात. याला शास्त्राधार काय, असे मी एकदा विचारले. "कैरीला विचार," म्हणाली. आजीला तरी काय हसायचे? १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या चहापायी टिळक-रानड्यांसारख्यांना ग्रामण्याला तोंड द्यावे लागले आणि गोष्ट प्रायश्चित्तापर्यंत गेली. चहा काय, दोन घोटांचा!

आजीनंतर आईचे राज्य आले. सोवळे गेले आणि शोकेस आले. माझ्या मते ही फक्त बदली होती. आईकडे निळ्या नक्षीचे सहा कप होते, 'पाहुण्यांचे'. पण त्या कपांच्या लायकीचा पाहुणा आमच्याकडे कधी आलाच नाही. एकदा मामांचे साहेब येणार होते. कप बाहेर निघाले, पुसले गेले. साहेबांनी लिंबूसरबत मागितले.

दर दिवाळीला ते कप धुवायच्या आमच्या भांडीवाल्या बाई. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एकाला साधा टवका उडाला नाही. त्यांचा स्वतःचा कप वेगळा, खिडकीत पालथा घातलेला. का वेगळा, हे आमच्या सुशिक्षित घरात कोणी विचारले नाही. मीही नाही. पुढे त्यांचा तो कप फुटला, आणि त्याच आठवड्यात चेंडू मारून मी एका निळ्या कपाचा कान तोडला. आईने मला धुतले आणि तो बिनकानाचा कप बाईंना दिला. बाकीचे पाच काचेआड म्हातारे झाले. सहांतला एकच कप कपासारखा जगला, तो खिडकीतला. हे मला कळायला पन्नास वर्षे लागली, आणि तेही कागदी कपातला चहा पिताना. आई त्या कपातून एकदाही चहा न पिता गेली.

गैरसमज नको. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतली चिनी भांडी आहेत, तिथे मीसुद्धा हात पाठीमागे बांधून फिरतो. ते सगळ्या गावासाठी ठेवलेले आहे. माझे भांडण आहे ते पाहुण्याला दिपवण्यासाठी आणि घरच्यांना दटावण्यासाठी मांडलेल्या हॉलमधल्या काचेशी. एखादा कप फुटेल, म्हणता? फुटू दे. कपाला तेवढा हक्क असावा.

संग्राहकांकडून परतलो तो तावातावातच. आईचे पाच कप ट्रंकेतून काढले आणि सौ.ला बजावले, की आजपासून घरात सगळे यातूनच चहा पिणार, सगळे म्हणजे सगळे. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंपुढे मी स्वतः निळ्या कपात चहा नेऊन ठेवला. जरा जास्तच वाकून ठेवला असेन. त्यांनी कप उचलला, आत डोकावून पाहिले.

"दादा, एवढुशानं काय होणार? आणि लगेच गार होतो हा. तुम्ही पिता ना, तो मोठा मग द्या की."

तो माझा मग होता. वीस वर्षांचा. त्यात दुसऱ्या कोणी चहा प्यायलेला मला खपत नाही, हे सौ.ला ठाऊक आहे. ती ओट्याशी पाठमोरी उभी राहून हसत होती.

मग दिला.