साहेब उद्या येणार आहेत

फोन आदल्या दिवशी संध्याकाळी यायचा. "उद्या साहेब येतायत." एवढं एकच वाक्य, पण ते कानावर पडलं की परळीच्या आमच्या ट्रान्सपोर्टच्या अड्ड्यावर लग्नघराला लाजवेल अशी धांदल उडायची. मी तिथं सहा वर्षं बिल्ट्या लिहिल्या, तेव्हा ऐकीव काही सांगत नाही. कपाटातून हेल्मेटं निघायची. प्लॅस्टिकची पिशवी काढायची नाही अशी ताकीद असायची, कारण दुपारी ती परत कपाटात जायची होती. आग विझवायच्या नळकांड्यावरची जुनी चिठ्ठी खरवडून नवीन तारीख डकवली जायची. आणि मुख्य काम म्हणजे गाड्या बाहेर काढणं. हायवा, टिप्पर, बल्कर, सगळं सकाळी सहाच्या आत रस्त्याला लागलं पाहिजे.

म्हणजे बघा, ज्या गाड्यांवरून माणसं पडतात, ज्यांच्याखाली सापडतात, त्या गाड्या हाकलून उरलेल्या मोकळ्या मैदानाची सुरक्षा तपासणी! मैदानानं आजवर कुणाचा पाय मोडला होता?

साहेब यायचे, मैदानात एक फेरी मारायचे, चहा घ्यायचे. प्रथमोपचाराच्या पेटीपाशी थांबायचे. पेटीला कुलूप, किल्ली मालकाच्या गल्ल्यात. शेरा पडायचा, "पेटी उपलब्ध." मग हजेरीपट पुढे यायचा. अड्ड्यावर रोज पंचवीस-तीस माणसं राबत होती. पटावर नावं चार. बाकीचे कोण? तर "खेपेवरचे". म्हणजे गाडीमालकाचे, म्हणजे ठेकेदाराचे, म्हणजे कुणाचेच नाहीत. तो पट मी माझ्या हातानं लिहिलाय. कामाचे तास आठ, विश्रांती अर्धा तास, महिनाभर तेच आकडे, एका बैठकीत, एका पेनानं. हे खोटं आहे हे मला ठाऊक होतं, मालकाला ठाऊक होतं आणि खाली सही करणाऱ्यालाही ठाऊक होतं. वीस तास गाडी हाकून आलेला माणूस बाजूलाच केबिनमध्ये आडवा पडलेला असताना आम्ही तिघं त्याची आठ तासांची हजेरी मंजूर करत होतो.

सांगून येणाऱ्याला पाहुणा म्हणतात, तपासनीस म्हणत नाहीत. हे माझ्या डोक्यातलं खुसपट नाही. 1947 साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं कामगार तपासणीविषयी 81 क्रमांकाचा करार केला आणि 1949 साली भारतानं तो स्वीकारला. तपासनीसाला दिवसा वा रात्री केव्हाही, आगाऊ वर्दी न देता कामाच्या जागी शिरता आलं पाहिजे, असं त्यात लिहिलंय. पाऊणशे वर्षं झाली त्या गोष्टीला. तरी आमच्याकडे वर्दी आधी पोचते आणि साहेब मागून.

यावर मालकमंडळींचं ठरलेलं रडगाणं आहे : इन्स्पेक्टर राज! अहो, कुठलं राज? सहा वर्षांत तीनदा चहा पिऊन गेलेल्या माणसाचं राज? ही तीच मंडळी, जी 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनी हात पुढे करून शपथ घेतात, ड्रायव्हरांना गुलाबाचं फूल देतात, भाषणात "आपण सगळे एक कुटुंब" म्हणतात, आणि त्याच रात्री तिसऱ्या खेपेला नको म्हणणाऱ्या ड्रायव्हरची किल्ली काढून घेतात.

आता कायद्याचा तमाशा बघा. कारखान्याच्या आत माणूस पडला तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. रस्त्यावर पडला तर आरटीओ आणि पोलीस. राख उडाली तर प्रदूषण मंडळ. आणि अड्ड्यावर, उभ्या गाडीवरून पडला तर? अड्डा कारखाना नाही, रस्ताही नाही. तिथं लागू पडणारा कायदा होता. 1961 चा मोटार वाहतूक कामगार कायदा, पाच माणसं असली तरी लागायचा. दिवसाचे आठ तास, मधली विश्रांती, सगळं त्यात होतं. पाळत कुणी नव्हतं, पण निदान बोट ठेवायला कलम होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता आल्या आणि तो कायदा त्यांच्या पोटात गेला. नव्या संहितेत वाहतूक संस्थेसाठी उंबरठा दहा कामगारांचा. पाचाचे दहा झाले! दोन-तीन गाड्यांचे मालक हीच ज्या धंद्याची वस्ती, तिथं ही दुप्पट कुणाच्या सोयीची, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि जिथं तीस माणसांची चार करून दाखवता येतात तिथं दहाचा आकडा ओलांडणार कोण? शिवाय निरीक्षकाचं नावही बदललं. आता तो निरीक्षक आणि सुविधाकार, दोन्ही. ज्याची चूक धरायची त्यालाच सोयही करून द्यायची! एका हातात दंडुका आणि दुसऱ्या हातात पंखा घेतलेल्या माणसाचा कुठला हात हलेल, हे आमच्या अड्ड्यावर फार आधी ठरलेलं होतं.

गाडीचं बघा. ट्रकला आठ वर्षं होईतो दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस लागतो. ब्रेक बघतात, दिवे बघतात, रिफ्लेक्टर बघतात. तो ट्रक चालवणाऱ्याची छाती कुणी बघत नाही. परळीच्या औष्णिक केंद्राची राख आम्ही वाहायचो. आपल्या कोळशात तिसापासून चाळीस टक्क्यांपर्यंत राखच असते आणि त्या राखेत सिलिका असतो. कोरडी राख बल्करमधून सिमेंटच्या कारखान्याला, राखेच्या तळ्यातली ओली राख टिप्परमधून वीटभट्ट्यांना. ते तळं आहे त्या दाऊतपूरच्या बाजूनं येणाऱ्या गाड्यांवरचे क्लीनर, आमच्याकडे त्यांना किन्नर म्हणतात, उतरले की भुवया पांढऱ्या असायच्या. अठरा वर्षांची पोरं साठीची दिसायची. तोंडाला काय, तर गमछा. 2025 च्या जानेवारीत याच तालुक्यातल्या एका सरपंचाचा राखेच्या टिप्परच्या धडकेत जीव गेला तेव्हा चार दिवस गवगवा झाला. आत, अड्ड्यावर, जे रोज थोडं थोडं मरतं त्याचा गवगवा कोण करणार?

राख झाकलीच पाहिजे, नियम आहे आणि तो योग्य आहे. पण ताडपत्री बांधतं कोण, कसं? ओली राख शिगोशीग भरलेली. पोरगं फाळक्यावर पाय देऊन वर चढतं, एका हातात दोरी, दुसऱ्या हातात ताडपत्रीचं टोक, आणि काठाकाठानं मागे सरकत जातं. मागे, पाठ खड्ड्याकडे करून. खाली दहा-बारा फूट. धरायला काही नाही. बाजूला एक लोखंडी माळा उभा केला, कठडा लावला, तर हे काम खालच्या खाली होतं. तपासणीच्या फॉर्मात हेल्मेट आहे, पेटी आहे, फलक आहे. ताडपत्रीचा उल्लेखही नाही.

साहेब "समाधानकारक" लिहून गेले त्याच्या नवव्या दिवशी आमचा एक किन्नर असाच पडला. दोरी तुटली. मी खिडकीतून बघत होतो. ओरडला नाही, नुसता धप्प आवाज आला. कुणीतरी पेटी आणायला धावलं. कुलूप दगडानं फोडलं. आत कापूस, आयोडिनची बाटली आणि चिकटपट्टी. मोडलेल्या खुब्याला चिकटपट्टी! त्याला दुसऱ्या टिप्परच्या केबिनमध्ये घालून अंबाजोगाईला नेलं, प्रत्येक खड्ड्याला तो माझं मनगट आवळत होता. पहिल्या दिवसाचा खर्च मालकानं दिला. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाला, "पटावर बघ, आहे का त्याचं नाव?" नव्हतं. पट मीच लिहिला होता.

मी त्या महिन्याअखेर नोकरी सोडली. पोरगं आजही लंगडतं.

तर साहेब, फोन न करता या. गाळपाचा हंगाम लागला की रात्री दोनला या, कारण तेव्हा उसाच्या आणि राखेच्या गाड्या एकाच रस्त्यावर असतात. पेटी बघू नका. उभ्या असलेल्या पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरला उठवा आणि विचारा, काल किती तास झोपलास? जे उत्तर येईल त्याला तुमच्या फॉर्मात रकाना नाही. मागच्या कोऱ्या बाजूला लिहा. साक्षीदार म्हणून सही मी करतो.