‘यांना जमेल का?’



कळंबा रोडवरच्या आयटीआयमधून कोपा ट्रेड केलेला आमचा एक साथी. पोलिओने पाय अधू. मुलाखतीला गेला, तर साहेबांनी गुणपत्रक उघडलंच नाही. सोबत गेलेल्या मित्राला विचारलं, “यांना जमेल का?” टायपिंगला पाय लागतात काय?

प्रांजल पाटील यांनी यूपीएससीत 773 वा क्रमांक मिळवला, तरी पूर्ण अंधत्वाचं कारण देऊन त्यांना रेल्वे लेखा सेवा नाकारली गेली. पुढच्याच परीक्षेत त्या 124 व्या आल्या आणि आयएएस झाल्या. 2024 मध्ये पूजा खेडकर प्रकरण गाजलं. प्रमाणपत्राचा वाद एकीचा, संशय मात्र तमाम दिव्यांगांवर! ही तऱ्हा आपल्याला नवी नाही. शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 ला 50 टक्के जागा राखल्या, तेव्हापासून आपण हेच ‘लायकी’पुराण ऐकतोय.

2016 च्या कायद्याने सरकारी नोकरीत 4 टक्के जागा दिल्या. खासगी आस्थापनांनाही समान संधीचं धोरण जाहीर करणं बंधनकारक केलं. त्या साहेबांकडे आम्ही ते धोरण लेखी मागितलंय. जिल्हा परिषदेत 4 टक्क्यांपैकी किती जागा भरल्या, याचा माहिती अधिकार अर्जही टाकतोय.

आणि आपलं काय? आमची अभ्यासिका पहिल्या मजल्यावर. तो साथी दोन वर्षं कठडा धरून चढत होता, आम्ही वर बसून समतेवर बोलत होतो. येत्या रविवारची बैठक खाली, अंगणात आहे.