तिचा डाव कधी?

सुट्टी लागली की घरोघरी एकच तक्रार, 'दिवसभर नुसता गेम!' नीट ऐका, तक्रारीत नाव बहुतेक मुलाचंच असतं. मुलगी काय खेळते, याची चौकशीसुद्धा होत नाही. मला खटकतं ते हे.

व्हिडिओ गेम आजकालचं फॅड नाही. घरच्या टीव्हीला जोडायचा पहिला खेळ, 'मॅग्नाव्हॉक्स ओडिसी', अमेरिकेत १९७२ साली बाजारात आला. टीव्ही नुसता बघायचा कशाला, त्यावर खेळावं की, ही राल्फ बेअर या इंजिनीअरची साधी कल्पना. पुढे १९८३ मध्ये जपानच्या निन्टेंडोने 'फॅमिली कॉम्प्युटर' काढला. नावातच कुटुंब! त्याच्या स्वस्त नकला नव्वदच्या दशकात आपल्याकडे आल्या. मोहने-आंबिवलीपासून डोंबिवलीपर्यंत चाळीचाळींत 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा' सुरू झाले. कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची! रिमोट दोन असत, एक दादाचा आणि दुसरा त्याच्या मित्राचा. ताई मागे उभी.

खरं तर या खेळांच्या इतिहासात बायका मागे उभ्या नव्हत्या. १९८० मध्ये 'पॅक-मॅन' आला, तो बायका-मुलींनाही खेळावासा वाटावा म्हणून तोरू इवातानी यांनी मारामारीऐवजी खाण्याची कल्पना घेतली. त्याच वर्षी रॉबर्टा विल्यम्स या दोन लहान मुलांच्या आईने नवऱ्याच्या साथीने 'मिस्ट्री हाऊस' हा चित्रांचा रहस्यखेळ तयार केला. प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून तो घरूनच विकायला सुरुवात केली. १९८२ चा गाजलेला 'रिव्हर रेड' कॅरोल शॉ या बाईंनी लिहिला.

तुम्ही म्हणाल, खेळात काय एवढं? मैत्रिणींनो, महिला मंडळाच्या कामात मला शिकलेल्या बायका भेटतात. बी.ए. झालेल्या, पण एटीएमसमोर गेल्या की मागे सरतात. 'काही बिघडलं तर? मुलाला येऊ दे.' ही भीती बुद्धी कमी म्हणून नाही. यंत्राला हात लावून चुकायची मुभाच कधी मिळाली नाही, म्हणून आहे. गेममध्ये चुकलं की डाव जातो, पुन्हा 'स्टार्ट' दाबायचं. कुणी ओरडत नाही. ही सवय मुलांना खेळताखेळता लागते, मुलींना 'हात लावू नकोस, खराब होईल' एवढंच ऐकू येतं.

डोळे, अभ्यास, झोप यांची काळजी मलाही आहे. अतिरेक वाईटच. पण मग वेळेचं बंधन दोघांनाही हवं. मुलाला दोन तास आणि मुलीला शून्य, ही काही शिस्त नव्हे.

तेव्हा या सुट्टीत एवढंच करा. घड्याळ लावून अर्धा तास त्याचा, अर्धा तास तिचा. आणि तिचा डाव चालू असताना मध्येच 'जरा पाणी आण गं' अशी हाक मारू नका. पाणी तो आणेल.