संगणक घेताना आधी काम ठरवा



मुलगा किंवा मुलगी बारावी झाली की घरात संगणकाचा विषय निघतो. शहापूर-मुरबाडकडच्या आपल्या कष्टकरी घरांत हा खर्च म्हणजे कित्येक महिन्यांची काटकसर. म्हणून पुष्कळ जण कल्याण-उल्हासनगरकडून जुना संगणक आणतात. किमतीची घासाघीस होते; पण आत ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली, कोणती आहे हे विचारायचे राहून जाते.

आता ते विचारलेच पाहिजे. विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. २०१७ पूर्वीची बहुतेक यंत्रे कंपनीच्या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रावर कोणी “विंडोज ११ टाकून देतो” म्हणाला, तर सावध राहा. परवान्याचेही विचारा. चोरीच्या प्रतीतून विषाणू घरात येतो.

मग घ्यावे काय? आमचे सांगणे एवढेच की, आधी काम ठरवा.

मुलीला एमएस-सीआयटी करायचे असेल, तर विंडोजच बरे. २००१ साली सुरू झालेल्या या अभ्यासक्रमात विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस शिकवतात. हिशेबाच्या नोकरीसाठी टॅली शिकायचे असले तरी तेच. टॅली विंडोजवर चालते. वर्गात एक आणि घरी दुसरे असले, तर सरावाला अडचण येते.

पण अभ्यासाचे व्हिडिओ पाहणे, ऑनलाइन अर्ज भरणे, पत्र टाइप करणे एवढेच काम असेल, तर जुने यंत्र भंगारात देऊ नका. त्यावर लिनक्स मिंट टाकता येते. ती मोफत मिळते, २ जीबी रॅमवरही चालते. ४ जीबी असल्यास उत्तम. सोबत लिबरऑफिस येते आणि युनिकोड मराठीही लिहिता येते.

फुकटची म्हणून ती कमी प्रतीची समजू नये. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सची सुरुवात केली. आपल्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. केरळच्या सरकारी शाळांतील मुले संगणक लिनक्सवरच शिकतात.

बदलण्यापूर्वी पारखून घ्या. जाणकाराकडून मिंट पेनड्राइव्हवर घ्या. संगणकात काही न बदलता ती त्यावरूनच सुरू करून पाहता येते. मराठी अक्षर, आवाज, वायफाय आणि प्रिंटर तपासा. सगळे जमले तरच कायमची टाका. त्याआधी जातीचा दाखला, गुणपत्रिका, फोटो यांची प्रत दुसरीकडे ठेवा. नवी प्रणाली टाकताना जुने सारे पुसले जाऊ शकते. घरात दोघांची कामे वेगळी असतील, तर एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवता येतात. सुरू करताना हवी ती निवडायची.

दुकानात जाताना मुलांना सोबत न्या आणि तीन प्रश्न कागदावर लिहून न्या: यंत्र कोणत्या सालचे? रॅम किती? विंडोजचा परवाना खरा का? उत्तर पटले नाही, तर पैसे खिशात ठेवून परत या. घामाचा पैसा आहे. विचारण्यात संकोच कसला?