विश्लेषण : चालक नाही, मग मेट्रो चालवते कोण? व्हँकुव्हरचा ४० वर्षांचा अनुभव काय सांगतो?

दिल्लीच्या मजेंटा मार्गावर २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील पहिली विनाचालक मेट्रो सुरू झाली. मुंबईतील मेट्रो २अ, ७ आणि ३ या मार्गांच्या गाड्याही पुढे चालकाविना धावू शकतील अशाच घेतलेल्या आहेत. ‘चालकच नसेल तर भरवसा कुणावर ठेवायचा?’ हा प्रश्न त्यामुळे आपल्याकडेही विचारला जाणार. कॅनडातील व्हँकुव्हर शहर १९८५पासून त्याचे उत्तर देत आले आहे.

स्कायट्रेन आली कशी?

१९८६ मध्ये व्हँकुव्हरला ‘एक्स्पो ८६’ हे जागतिक प्रदर्शन भरले. त्याचा विषयच वाहतूक आणि दळणवळण. त्याच्या तोंडावर, डिसेंबर १९८५ मध्ये, वॉटरफ्रंट ते न्यू वेस्टमिन्स्टर हा सुमारे २१ किलोमीटरचा, १५ स्थानकांचा मार्ग खुला झाला. शहराच्या मध्यभागी नवे भुयार खोदण्याऐवजी कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे १९३०च्या दशकातील भुयार वापरले गेले. ते उंच, पण अरुंद. म्हणून दोन्ही मार्ग शेजारी न टाकता एकावर एक टाकले.

गाडी चालते कशी?

रुळांमध्ये टाकलेल्या केबलमधून गाडी आपली जागा आणि वेग सतत नियंत्रण यंत्रणेला कळवते. पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचे, हे संगणक क्षणोक्षणी ठरवतो. त्यामुळे दोन गाड्यांमधील अंतर बरेच कमी ठेवता येते. गाडीत चालकाची केबिनच नाही. पुढच्या काचेजवळची जागा पटकावण्यासाठी मुलांची झुंबड उडते, ती वेगळीच.

मग बचत चालकांच्या पगारात होते का?

होते, पण खरा फायदा तो नव्हे. गाडी वाढवली की चालक वाढवावा लागत नाही, त्यामुळे छोट्या गाड्या लागोपाठ सोडणे परवडते. रात्री गर्दी ओसरल्यावरही प्रवाशाला फार ताटकळावे लागत नाही. केवळ खर्च कपातीसाठी विनाचालक मेट्रोचे कौतुक करणाऱ्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही.

यंत्रणाच बंद पडली तर?

जुलै २०१४ मध्ये ते दोनदा घडले, तेही पाच दिवसांत. १७ जुलैला नियंत्रण यंत्रणेतील एक भाग निकामी झाला. २१ जुलैला नव्या एव्हरग्रीन मार्गासाठी काम करताना एका इलेक्ट्रिशियनकडून नियंत्रण केंद्राचा मुख्य ब्रेकर पडला. गाड्या जागच्या जागी थांबल्या. अडकलेल्या प्रवाशांनी दारे उघडली आणि उन्नत मार्गावरून चालत स्थानक गाठले.

वीज आली तरी सेवा लगेच सुरू झाली नाही. कोणती गाडी कुठे आहे, हेच संगणक विसरला होता. कर्मचाऱ्यांना एकेका गाडीपर्यंत जाऊन ती हाताने चालवत पुन्हा यंत्रणेच्या ताब्यात द्यावी लागली. यात कित्येक तास गेले. चौकशीत गॅरी मॅक्नील यांनी २० शिफारशी केल्या. त्यांचा अंदाजित खर्च ७ कोटी १० लाख कॅनेडियन डॉलर होता. त्यातली एक अगदी साधी होती : प्रवासी सेवा सुरू असताना महत्त्वाच्या यंत्रणांना हात लावू नका.

केबिनमधला माणूस कमी केला, तरी स्थानकांवर आणि मार्गालगत प्रशिक्षित माणसे लागतातच. व्हँकुव्हरमध्ये जोरदार बर्फ पडला की आजही कर्मचारी गाडीत बसवावे लागतात. आपल्याकडे चालक काढण्याची चर्चा होईल, तेव्हा आधी विचारायला हवे ते हेच : गाडी मध्येच थांबली तर तिथवर कोण आणि किती वेळात पोहोचणार?

स्थानकांच्या लांबीचा मुद्दा काय?

२००९ मध्ये विमानतळाकडे जाणारी कॅनडा लाइन सुरू झाली. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी तिचे अनेक फलाट जेमतेम ४० मीटरचे बांधले; जुन्या एक्स्पो मार्गाचे फलाट ८० मीटरचे आहेत. गर्दी वाढली, पण दोनच डब्यांची गाडी लांबवणार कशी? शेवटी गाड्यांची संख्याच वाढवावी लागली. या मार्गाचे तंत्रज्ञानही वेगळे, त्यामुळे एक्स्पो मार्गाच्या गाड्या इथे आणता येत नाहीत.

लाइट रेल का बारगळली?

व्हँकुव्हरजवळच्या सरे शहरात रस्त्यावरून धावणारी १०.५ किलोमीटरची, चालक असलेली लाइट रेल ठरली होती. खर्च १६५ कोटी डॉलर. सप्टेंबर २०१८ मध्ये निधीची घोषणाही झाली. पण ऑक्टोबरमध्ये ‘स्कायट्रेनच हवी’ म्हणत डग मॅक्कॅलम महापौरपदी निवडून आले आणि प्रकल्प गुंडाळला गेला. त्याऐवजी सरे–लँगली हा १६ किलोमीटरचा, आठ स्थानकांचा स्कायट्रेन मार्ग हाती घेण्यात आला. त्याचा खर्च ४०१ कोटींवरून सुमारे ६०० कोटी डॉलरवर गेला असून मुदत २०२८ वरून २०२९ च्या अखेरीवर ढकलली गेली आहे. ज्या गिल्डफर्ड–न्यूटन पट्ट्यात लाइट रेल धावणार होती, तिथल्या प्रवाशांना २०२० मध्ये मिळाली ती ‘आर१’ ही जलद बस.