कळ किती, हे विचारणारा डॉक्टर

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली आणि आदिवासी पट्ट्यात रक्त तपासून कार्डं वाटण्याचा सपाटा लागला. तपासणी हवीच. पण डहाणू तालुक्यातल्या वरोरच्या एखाद्या पाड्यावर ‘ग्रस्त’ शिक्क्याच्या पोराला मध्यरात्री कळ उठली, तर पुढचं काहीच ते कार्ड सांगत नाही.

या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाचा प्राणवायू तोडतात. पाणी कमी पडलं, थंडी बाधली, अंग फार शिणलं की झटका येतो. वीटभट्टीवर राबणाऱ्याला किंवा बोटीवरच्या खलाशाला यातलं काय टळणार? हाडं आतून फुटल्यासारखी दुखतात, पण सूज दिसेलच असं नाही आणि एक्स-रेही बहुधा कोरा. मग ‘नाटकं करतो’ असा शेरा, एक सुई, एक सलाइन. वेदना मोजायचं यंत्र नाही. रुग्णाला विचारावंच लागतं, शून्य ते दहात किती म्हणून. ब्रिटनची २०१२ ची मार्गदर्शिका सांगते, रुग्ण आल्यापासून अर्ध्या तासात वेदनाशामक द्या आणि उतार पडेपर्यंत दर अर्ध्या तासाने पुन्हा विचारा.

तीव्र झटक्याला मॉर्फिन लागतं. सवय लागेल म्हणून डॉक्टर कचरतात. (नशेसाठी कोण पोर रात्री दोनला तळमळत दवाखान्याची पायरी चढेल?) २०१४ च्या दुरुस्तीने अंमली पदार्थांच्या कायद्यातला परवान्यांचा गुंता सैल झाला. मान्यताप्राप्त संस्थेत वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असला, की औषध ठेवता येतं. म्हणजे अडतंय ते प्रशिक्षणापाशी.

मुंबईत टाटा रुग्णालयात २०१२ पासून पॅलिएटिव्ह मेडिसिनची, म्हणजे वेदना आणि त्रास शमवण्याच्या शाखेची, एमडी आहे. पण ते तज्ज्ञ तलासरीला येऊन बसतील, ही आशा भाबडी. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात हा विषय २०१९ च्या तुकडीपासून आला. आज वॉर्डात उभे असलेले बरेच डॉक्टर त्याआधीचे. १९९३ मध्ये सुरू झालेल्या कोळिकोडच्या वेदनाशमन केंद्राने साधे डॉक्टर, नर्स आणि स्वयंसेवक शिकवून काम उभं केलं. तसा छोटा अभ्यासक्रम इथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि नर्सना सक्तीचा करावा, तोही डहाणूतच.

मोहिमेच्या तक्त्यात तपासण्या आणि कार्डं मोजतात. त्यात आणखी एक रकाना हवा: डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात आलेल्या सिकलग्रस्ताला वेदनाशामकाची पहिली मात्रा किती मिनिटांत मिळाली.