नंबरप्लेटवरचे गाव

संत्रा घेऊन नागपूरच्या कळमना बाजारात जाल, तेव्हा पोराच्या हाती वही-पेन्सिल द्या. काटा होईपर्यंत मालमोटारींचे नंबर टिपायचे आणि गाव ओळखायचे, हा त्याचा खेळ. एमएच ३१ म्हणजे नागपूर शहर, ४० नागपूर ग्रामीण, ४९ पूर्व नागपूर. ३२ वर्धा, ३४ चंद्रपूर, ३६ भंडारा. परमुलखातल्या पाट्यांची गंमत आणखी वेगळी. आदिलाबादची गाडी २०१४ पूर्वीची असेल तर एपी, नंतरची टीएस आणि २०२४ पासूनची नवी टीजी. गाव तेच, रस्ताही तोच! १९८९ पूर्वीची, एमपासून सुरू होणारी तीन अक्षरे एखाद्या जुन्या ट्रॅक्टरवर दिसली, तर त्या नंबराला वहीत वेगळे पान द्यावे, असे आमचे मत.

पण एक ध्यानात असू द्या. पाटी गाडीच्या नोंदणीचे ठिकाण सांगते, मालकाचे घर नव्हे. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तरी नंबर तोच राहतो. तेव्हा बागेतला माल उधारीवर उचलणाऱ्याच्या गाडीवर एमएच ३१ दिसले, म्हणून त्याला नागपूरचा धरू नका. नंबर टिपाच, शिवाय नाव-पत्ता आणि ठरलेली रक्कम लिहून त्याची सही घ्या. गाडी बांधावर उभी आहे तोवरच.